लोक जिथून ओलांडतात तिथेच ओलांडणी: पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग कसं आखावं

झेब्रा पट्टे मारले, फलक लावला, तरी लोक तिथून पंधरा मीटर अलीकडूनच रस्ता ओलांडतात. याला बेशिस्त म्हणून सोडून देण्याआधी आखणी करणाऱ्याने ते मोजमाप म्हणून वाचावं. ओलांडणी कुठे हवी होती, हे ते पाय दाखवत असतात. चालणारा असो की चालक, काय करायचं हे तो फलकापेक्षा रस्त्याच्या आकारावरून ठरवतो, तेही एकदोन सेकंदांत. आखणीत हा आकारच हातात घ्यावा लागतो.

आधी पायांचा नकाशा

जागेचा १:२०० प्रमाणातला नकाशा घ्या, नियोजित ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना १०० मीटरपर्यंतचा. सकाळची गर्दी, दुपार, संध्याकाळ आणि अंधार पडल्यावर, असा प्रत्येकी एक तास बसा. एक सुट्टीचा दिवसही धरा. ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी पेन्सिलीने एक रेघ ओढा: कुठून निघाला, कुठे पोचला. रेघेवर खुणा करा. मध्ये थांबला तिथे टिंब, धावला तिथे नागमोड, हातात मूल किंवा ओझं असेल तर वेगळी खूण. दुभाजकावरची तुडवलेली माती आणि झुडपांमधली वाट हीसुद्धा नोंदवायची, कारण ती महिनोन्‌महिने चालण्यातून झालेली असते.

नागमोडी खुणांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. शेवटच्या लेनमध्ये माणूस धावतो याचा अर्थ निघताना त्याने गाडीच्या अंतराचा अंदाज बांधला तो चुकला. अपघात अजून झाला नसेल, पण त्याची जागा ठरलेली आहे.

रेघांचा जुडगा जिथे दाट असेल तिथे ओलांडणी द्या. दोन जुडगे असतील तर दोन ओलांडण्या द्या. मधली जागा निवडायचा मोह होतो, पण ती दोघांच्याही वाटेवर नसते आणि ओस पडते. लोखंडी जाळी लावून लोकांना वळवायचा प्रयत्न केला, तर ते जाळीच्या टोकाशी जाऊन ओलांडतात किंवा जाळीच्या आत, वाहनांच्या बाजूने चालत राहतात. दुसरी स्थिती पहिल्यापेक्षा घातक.

पादचारी पुलाचंही तसंच. वाहनांसाठी ५.५ मीटर मोकळी उंची आणि पुलाची जाडी मिळून सुमारे ६.५ मीटर चढायचं, म्हणजे १५० मिमीच्या ४३ पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. खालून १२ सेकंदांत होणाऱ्या कामाला वरून दोन मिनिटं लागत असतील, तर पूल रिकामा राहणार हे बांधण्याआधीच सांगता येतं.

एका वेळी एकच निर्णय

चार लेनचा सलग रस्ता ३.५ मीटरच्या हिशेबाने १४ मीटर होतो. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला तो ओलांडायला जवळजवळ १२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दोन्ही दिशांनी येणाऱ्या गाड्यांचा वेग आणि अंतर मनात धरून ठेवायचं. हे धडधाकट माणसालाही जड जातं. लहान मुलांना तर वेगाने जवळ येणारी गाडी किती वेगात आहे हे डोळ्यांना नीट जाणवतच नाही. ती अंतरावरून अंदाज बांधतात. भरधाव गाडी दूर दिसली की ‘दूर आहे’ एवढंच त्यांना कळतं.

उपाय एकच: ओलांडणी दोन टप्प्यांत तोडा. मध्ये थांबायची जागा किमान १.८ मीटर रुंद हवी, शक्य असेल तर २.५. व्हीलचेअर ढकलणारा किंवा बाबागाडी घेतलेला माणूस १.२ मीटरच्या दुभाजकात मावत नाही. चाकं रस्त्यावर राहतात. दोन टप्पे एका रेषेत न ठेवता मध्ये थोडं बाजूला सरकवले, आणि मधली वाट अशी वळवली की माणसाचं तोंड पुढच्या टप्प्यात येणाऱ्या गाड्यांकडे होईल, तर मान न वळवताही त्याला धोका दिसतो. वळण उलट दिशेला ठेवलं, तर पाठीमागून येणाऱ्या वाहनांपुढे तो पाऊल टाकतो. नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ही चूक वारंवार होते.

कडेला पार्किंग असेल तर ओलांडणीपाशी फुटपाथ पार्किंगच्या रुंदीइतका, साधारण २ मीटर, पुढे आणा. अंतर घटतं आणि उभं असलेलं मूल गाड्यांच्या आड न राहता चालकाला दिसतं.

चालकाला काय दिसतं, आणि केव्हा

रस्त्याच्या आखणीत चालकाचा बघून ब्रेकपर्यंत पोचण्याचा वेळ २.५ सेकंद धरतात आणि वेग कमी होण्याचा दर सेकंदाला ३.४ मीटर प्रतिसेकंद. ताशी ५० किमीला गाडी त्या २.५ सेकंदांतच ३५ मीटर जाते, मग थांबायला २८ मीटर. एकूण ६३ मीटर. ताशी ३० किमीला हाच हिशेब ३१ मीटरचा. प्रत्यक्ष वेग मोजा, फलकावरचा धरू नका. तेवढ्या अंतरावर चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.१ मीटरवरून, ओलांडणीच्या दोन्ही टोकांना उभं असलेलं मूल दिसतं का ते जागेवर जाऊन पाहा. फांदी, जाहिरात फलक, विजेची पेटी, जे आड येईल ते हलवा. ओलांडणीच्या अलीकडे किमान ६ मीटर पार्किंग बंद ठेवा.

एकाच दिशेच्या दोन लेन असतील तर हा धोका असतोच: कडेच्या लेनमधली बस माणसासाठी थांबते. थांबलेली बस म्हणजे वाट मोकळी असं तो समजतो आणि तिच्यापुढून निघतो. शेजारच्या लेनमधल्या चालकाला बसच्या आडून तो दिसतच नाही. यासाठी थांबरेषा झेब्राला चिकटून न ठेवता ६ ते १५ मीटर मागे ओढा. मधल्या मोकळ्या तुकड्यातून दोघांना एकमेकं दिसतात.

वेग कमी करायचा तर रस्ता अरुंद दिसला पाहिजे. रुंद, सरळ, कडेला मोकळा रस्ता चालकाला ‘पळव’ म्हणतो. त्यावर ताशी ३० चा फलक लावणं म्हणजे एकाच तोंडाने दोन आज्ञा. लेन ३ मीटरची करा. ओलांडणी ७५ ते १०० मिमी उचलून फुटपाथच्या पातळीला आणा. वळणाच्या कोपऱ्याची त्रिज्या घटवली की वळताना वेग आपोआप घटतो. जवळजवळ येत जाणाऱ्या आडव्या पट्ट्यांनी वेग वाढल्याचा भास होतो आणि पाय ब्रेककडे जातो. स्कॉटलंडमध्ये न्यूब्रिजच्या गोल चौकाआधी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याची चाचणी झाली. पण पट्ट्यांवर भिस्त ठेवू नका. रोज जाणाऱ्याला भास सरावाचा होतो, उचललेली ओलांडणी मात्र त्यालाही रोज जाणवते.

सतत लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्याची गतही अशीच होते. माणूस नसतानाही तो लुकलुकतो, म्हणून लक्ष त्याला वगळायला शिकतं. बटण दाबल्यावरच पेटणारा दिवा लावा.

सिग्नलचं गणित

‘चाला’ हा संकेत किमान ७ सेकंद ठेवा. त्यानंतरचा लुकलुकता वेळ, म्हणजे नव्याने न निघता आधी निघालेल्यांनी पार व्हायचा वेळ, सेकंदाला १.०५ मीटरच्या चालीने काढा. वृद्ध जास्त असतील तर ०.९ ने. १४ मीटरसाठी हा वेळ पहिल्या हिशेबाने १३ सेकंद होतो, दुसऱ्याने १६.

याहून मोठा प्रश्न थांबण्याचा. साधारण ३० सेकंदांनंतर धीर सुटायला लागतो आणि लोक लाल असतानाच फट शोधतात. १२० सेकंदांच्या चक्रात निघायला ७ सेकंदच असतील, तर बाकी वेळी पोचणाऱ्याला सरासरी ५६ सेकंद ताटकळावं लागतं. चक्र ६० सेकंदांचं केलं की हेच २६ वर येतं. वाहनांची क्षमता थोडी घटते. ती किंमत मोजण्यासारखी आहे.

बटण दाबताच दिवा लागून आवाज यायला हवा. उत्तर न देणारं बटण लोक चारदा दाबतात, मग फट पाहून निघून जातात. त्यानंतर सिग्नल लाल होतो आणि गाड्या रिकाम्या रस्त्यापुढे थांबतात. रोज असं झालं की चालकाच्या मनातूनही त्या लाल दिव्याची किंमत उतरते.

चौकात वळणारा चालक ज्या बाजूने वाहनं येतात तिकडेच बघत असतो, पादचारी दुसरीकडे असतो. म्हणून पादचाऱ्यांना वाहनांच्या ३ ते ७ सेकंद आधी हिरवा द्या. चालक वळेपर्यंत ते मधोमध, ठळक दिसतात.

न दिसणाऱ्यांसाठी आणि रात्रीसाठी

पायांना आणि काठीला कळणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा इथे पहिल्यांदा बसवल्या गेल्या. उभ्या रेघांची फरशी म्हणजे ‘चालत राहा’, गोल टिंबांची म्हणजे ‘थांब, पुढे धोका’. शिल्लक राहिली म्हणून टिंबांची फरशी वाटेत कुठेही बसवली, की या भाषेवरचा भरवसाच जातो.

रात्री दिव्याचा खांब ओलांडणीच्या बरोबर वर किंवा पलीकडे असेल, तर माणूस चालकाला काळी आकृती दिसतो, अंधारात विरून जातो. खांब चालकाच्या बाजूने थोडा अलीकडे घ्या, म्हणजे अंगावर समोरून उजेड पडेल. १.५ मीटर उंचीवर, उभ्या पृष्ठभागावर, २० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) मिळतात का ते मोजून पाहा. जमिनीवरचा उजेड मोजून इथे काही कळत नाही.

काम झाल्यावर लगेच मोजणी करू नका. पहिले काही आठवडे नवेपणाचे असतात. चालक बिचकतात, आकडे छान येतात. तीन महिन्यांनी त्याच वेळांना, तोच नकाशा घेऊन पुन्हा रेघा ओढा. नागमोडी रेघा किती उरल्या, किती चालकांनी थांबरेषेआधी थांबा घेतला, किती रेघा अजूनही पट्ट्यांच्या बाहेरून जातात हे मोजा. बाहेरच्या रेघा एका बाजूला सरकलेल्या दिसल्या, तर पट्टेच तिकडे सरकवा.