घरी मॅजिकची रात्र आणि पाच रंगांची कॉकटेल्स: आम्ही केलेल्या या चुका टाळा

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा गेम खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो ज्याला खेळण्यापेक्षा खेळाच्या आजूबाजूचा पसारा जास्त आवडतो. आमच्याकडे तो मी. रिचर्ड गारफिल्डचा हा गेम 1993 साली आला, तेव्हापासून तो पाच रंगांवर उभा आहे, पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. मग माझ्या डोक्यात आलं की पाच रंगांची पाच क्लासिक कॉकटेल्स करूया, ज्याचा जसा डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) तसा त्याचा ग्लास. पहिल्याच रात्री पाचातली तीन सिंकमध्ये गेली. (महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय 25 लागतं आणि परमिटही, तेवढं आधी बघा.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता रंग बघून बाटली आणणं. मी ब्लू कुरासाव आणलं, तो खरं तर संत्र्याच्या चवीचा लिकर, निळा रंग वरून घातलेला. त्यात मी ऑरेंज ज्यूस ओतला, कारण दोन्ही संत्रंच ना! निळ्यात पिवळा गेला की काय होतं ते शाळेत सगळे शिकतात. समोरचा ग्लास बघून मित्र म्हणाला, "अरे हा निळा कुठंय, हा तर सिमिक आहे." गेम न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, सिमिक म्हणजे हिरवा-निळा गट.

आता मी गोकर्णाची फुलं वापरतो. एका क्वार्टरमध्ये म्हणजे 180 मिली जिनमध्ये आठ-दहा वाळलेली फुलं टाकायची, दोन तासांत जिन शाईसारखी निळी होते, मग गाळून घ्यायची. पण गोकर्णाला आंबट लागलं की ती जांभळी होते, आणि इथंच सगळे फसतात, कारण लिंबू आधीच शेक केलं तर निळा रंग कुणाला दिसतच नाही. म्हणून ग्लासात तळाला 20 मिली लिंबाचा रस आणि 20 मिली साखरेचं सिरप, त्यावर गच्च बर्फ, आणि वरून चमच्याच्या पाठीवरून हळूहळू 60 मिली निळी जिन. सिरप जड असल्यामुळे खालीच राहतं. पिणाऱ्यानं स्वतः ढवळायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत निळ्याचा जांभळा, म्हणजे इझेट (गेममधला निळा-लाल गट)! याला गिमलेटचा, म्हणजे जिन-लिंबाच्या कॉकटेलचा, चुलतभाऊ म्हणा. एकदा एका शहाण्यानं मी वळल्यावर टॉनिक ओतलं, त्यातही सायट्रिक अॅसिड असतं, त्यामुळे सगळी जादू किचनमध्येच उरकली.

हिरव्यासाठी खरं तर लास्ट वर्ड हे कॉकटेल हवं, पण त्याला लागणारी ग्रीन शार्त्रूझ ही हिरवी लिकर इकडे शोधत बसण्यात अर्थ नाही. साउथसाइड करा, 60 मिली जिन, 20 मिली लिंबाचा रस, 20 मिली सिरप आणि सहा-सात पुदिन्याची पानं. पानं तळहातावर एकदा थापटायची आणि सरळ शेकरमध्ये टाकायची, बर्फच त्यांना पुरेसा चुरतो. आमच्यातल्या एकाला रंग फिका वाटला म्हणून त्यानं पुदिना मिक्सरमधून काढला आणि जे तयार झालं ते पाणीपुरीचं पाणी होतं, वर कडूही. ग्लासात ओतताना चहाची गाळणी धरा, नाहीतर रात्रभर सगळ्यांच्या दातात फॉरेस्ट (गेममधलं हिरव्याचं लँड कार्ड).

पांढऱ्याला व्हाइट लेडी, 40 मिली जिन, 30 मिली ट्रिपल सेक (संत्र्याची लिकर), 20 मिली लिंबाचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक. फेस येत नसेल तर तुम्ही पहिल्यापासूनच बर्फ टाकताय. आधी बर्फाशिवाय जोरात हलवा, मग बर्फ टाकून पुन्हा. अंडं न खाणाऱ्याला आधी विचारा. कुठंतरी वाचून काबुली चण्याचं पाणी वापरायला जाल तर एक लक्षात ठेवा, आपण छोले उकडताना मीठ, सोडा आणि वर चहापत्तीची पुरचुंडी टाकतो. ते पाणी ड्रिंकमध्ये टाकायचं नसतं. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

काळा म्हणजे एस्प्रेसो मार्टिनी, लंडनच्या डिक ब्रॅडसेलनं 1980 च्या दशकात आणलेली. 50 मिली व्होडका, 30 मिली कॉफी लिकर, 30 मिली कडक कॉफी. मशीन नसेल तर मोका पॉट चालतो, पितळी फिल्टरचं घट्ट डिकॉक्शनही चालतं, पण सकाळची उरलेली कॉफी घेतली तर वरचा फेस विसरा. मात्र कॉफी उकळती असताना शेकर बंद करू नका. मी केला. आत वाफ कोंडली, झाकण उडालं आणि ओट्यावर ठेवलेल्या माझ्याच डेकबॉक्सवर (पत्त्यांच्या डब्यावर) कॉफीचा स्वॅम्प झाला, म्हणजे दलदल, काळ्याचं लँड कार्ड. प्लास्टिकच्या स्लीव्ह होत्या म्हणून पत्ते वाचले. शेकरमध्ये सोडा टाकून हलवला तरी हीच गत.

लालला सगळे नेग्रोनी करतात, मीपण, जिन, काम्पारी (कडू लाल लिकर) आणि स्वीट व्हर्मुथ, तिन्ही 30-30 मिली. तशी ती दिसायला लाल पण स्वभावानं काळी वाटते मला, कडू आणि सावकाश, पण ते असो. ही शेक करायची नाही, गढूळ होते, बर्फावर अर्धा मिनिट ढवळायची. चव आंबूस लागली तर दोष व्हर्मुथचा. ती वाइन आहे हो! उघडली की फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिनाभरात संपवायची, शोकेसमध्ये व्हिस्कीशेजारी नाही. वर पिरगळायला साल घ्याल ती माल्टाची, आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि हातातच फाटते.

बर्फाबद्दल आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे की कमी टाकला म्हणजे ड्रिंक पातळ होणार नाही. उलट आहे, दोन-तीनच खडे असले की ते भराभर वितळतात. ग्लास भरून टाका. आणि तो बर्फ ज्या फ्रीजरमध्ये झाला तिथं आलं-लसूण पेस्टचा उघडा डबा असेल तर पाचही रंगांना एकच वास येईल. सिरपचंही तसंच, साखर आणि पाणी सारखं, विरघळली की गॅस बंद, गुलाबजामसारखा एकतारी पाक नको. अंदाजानं ओतू नका, माप नसेल तर खोकल्याच्या औषधाचं टोपण धुऊन घ्या, त्यावर 5 आणि 10 मिलीच्या खुणा असतात.

न पिणाऱ्यासाठी मी लाल म्हणून कोकम ठरवलं होतं, आणि आईच्या कपाटातून जी बाटली उचलली ती अमृत कोकम नसून आगळ निघाली. नुसतं खारट. बिचाऱ्यानं चेहरा न हलवता अर्धा ग्लास संपवला, त्याला वाटलं थीमच तशी असेल.

आणि "लाइफ गेलं की घोट" हा नियम अजिबात लावू नका. कमांडर या खेळाच्या प्रकारात प्रत्येकाकडे 40 लाइफ (गुण, संपले की हरला) असतं आणि एका नेग्रोनीत साधारण दोन छोट्या पेगांएवढी दारू असते, आता तुम्हीच हिशोब करा. आमचा तो गेम चौथ्या की पाचव्या टर्नला थांबला कारण नक्की कुणाचा टर्न आहे यावर चौघांचं एकमत होईना. हल्ली एका गेमला एकच ग्लास, तोही टेबलावर नाही, बाजूच्या स्टुलावर, कारण घामेजलेल्या ग्लासाखाली माझं एक फॉइल कार्ड सापडलं होतं, ते अजून पापडासारखं वाकडंच आहे.