गावरान मिरची लावायची तर आधी काय जमवायचं

मिरची लावायची म्हटलं की लोक आधी कुंड्या आणायला पळतात. कुंडी सगळ्यात शेवटी. आधी बी, आणि ते रोहिणी लागायच्या आत, म्हणजे 25 मेच्या आत हातात पाहिजे. संकरित बियाण्याच्या पाकिटातलं नको. ते यंदा झकास येईल, पण त्याच्या फळातलं बी पुढच्या साली पेरलं की एक झाड आईवर, एक बापावर, तिसरं कुणावरच जात नाही. गावरान बी जसं पेराल तसं येतं, म्हणून तर ते मागून आणायचं.

माझं बी मावशीकडचं, औशाजवळच्या खेड्यातलं. बोटाच्या दोन पेरांएवढी, पातळ सालीची, आभाळाकडं तोंड करून लागणारी मिरची. तिला तिकडं खास नाव नाही, नुसती गावरान. बी मागायला जाल तेव्हा ‘कुठल्या झाडाचं?’ हे विचाराच. कोकडा, म्हणजे पानं आकसायचा रोग, न आलेल्या जोमदार झाडाची मधल्या बहरातली मिरची, झाडावरच लालभडक झालेली, तिचंच बी धरावं. संपत आलेल्या झाडाच्या शेवटच्या किडक्या मिरच्यांचं बी कुणी प्रेमानं दिलं तरी ते फोडणीत घाला. आणल्यावर 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत सात-आठांना मोड आले तर बी चांगलं. चारच आले तर दाट पेरा, नाहीतर दुसरीकडं मागा.

आता कापड. जुन्या मलमलच्या ओढणीच्या वीतभर पिशव्या शिवून ठेवा. हे ऐकून आमच्या जाऊबाई हसल्या होत्या. पण मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळत असलं तरी मधमाशी शेजारचा परागही आणते. शेजारणीच्या गच्चीवर ढोबळी मिरची होती. त्या वर्षी माझ्या मिरच्या नेहमीसारख्याच लागल्या, म्हणून बिनधास्त बी धरलं. फरक दिसला पुढच्या साली: निम्म्या झाडांना जाड, फिक्या, पाणचट मिरच्या. तेव्हापासून बियाच्या झाडाची एक फांदी कळ्या उमलायच्या आधीच पिशवीत बांधते, रोज सकाळी हलकेच हलवते, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधते. दोऱ्याच्या मिरचीला घरात कुणी हात लावायचा नाही.

माती नुसती काळी घेऊ नका. शेतात ती सोनं असेल, कुंडीत पाणी धरून बसते नि उन्हात भेगाळते. माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू सारखीच. पसरट टोपलीत बी नखाएवढं खोल पेरा, दुपारची सावली द्या, पाणी शिंपडा, ओतू नका. रोपं बुडातून कोलमडतात ती बहुतेक जास्त पाण्यानंच. 35-40 दिवसांत ती वीतभर होतात. तेव्हा संध्याकाळच्या वेळी 12 इंची कुंडीत एक, किंवा परसात दीड-दोन फुटांवर एक.

निंबोळ्या आदल्या पावसाळ्यातच वेचून वाळवलेल्या असल्या पाहिजेत, ऐनवेळी मिळत नाहीत. 50 ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, फवारा. पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. शेंडा खुजा होऊन पानं बारीक, गुच्छासारखी झाली तर तो रोग पांढरी माशी पसरवते, त्याला फवारणी लागू पडत नाही. उपटा. जिवावर येतं, पण उपटा. कडक उन्हात, पारा 35 च्या वर गेला की फुलं गळतात. तेव्हा खताचा मारा करू नका, हिरव्या जाळीची सावली द्या.

पाण्याचं लातूरच्या माणसाला काय सांगायचं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यावर चार झाडं जगवत होते, चारही गेली. राखेत घोळवून बरणीत ठेवलेलं बी मात्र होतं. बी कोरडं राहिलं तर दोन-तीन वर्षं टिकतं, म्हणून सगळं एकाच साली पेरून टाकू नये.

घरात तवा आणि जड बुडाचा तांब्या असला की ठेच्याची तयारी झाली. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तेलावर परतून, मीठ टाकून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचं, कडक भाकरीबरोबर खायचं. लाल झालेल्या थोड्या वाळवून भुरक्याला, म्हणजे लाल तिखट-लसणाच्या तोंडीलावण्याला, ठेवा. वर्षाचं काळं तिखट मात्र चार-पाच झाडांत होत नाही, त्याला धर्माबादची मिरची विकत आणावीच लागते.

दोऱ्याच्या मिरच्या फोडायच्या दिवशी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो, आणि बी सोडवताना बोटं तिलाच लागतात. आग झालीच तर पाण्यानं जात नाही. आधी गोडं तेल चोळा, मग साबण. डोळ्याला हात दुसऱ्या दिवशीच.