स्वतःसाठी स्वेटर विणताय? फिटिंग खांद्यावर ठरतं

बाळाचा स्वेटर इंचभर मोठा झाला तरी काही बिघडत नाही, बाळ वाढतंच. स्वतःसाठी विणायचा म्हणजे चारपाचशे ग्रॅम लोकर, कित्येक संध्याकाळी, आणि शेवटी तो अंगात घालून ऑफिसला जाता आलं पाहिजे. मी बरीच वर्षं माझे स्वेटर मीच विणतेय, नव्याने शिकणाऱ्या मैत्रिणींना मापंही काढून देते आणि प्रत्येकीला पहिल्यांदा हेच सांगते की पॅटर्नमधली साइज छातीवरून निवडू नका, खांद्यावरून निवडा.

का ते सांगते. स्वेटरचा सगळा भार खांद्यावर असतो. छातीत दोन इंच इकडेतिकडे झालं तर विणलेलं कापड ताणून सांभाळून घेतं, कंबरेत तर विणता विणता टाके कमी-जास्त करता येतात, पण खांदा रुंद झाला की बाहीची शिवण दंडावर उतरते, बाही लांब होते, बगलेत कापड गोळा होतं आणि मग उसवण्याशिवाय इलाज नाही. छाती भरलेली आणि खांदे लहान अशा खूपजणी असतात, त्यांनी छातीच्या मापाची साइज घेतली की गळा, खांदा, मुंढा (जिथे बाही जोडतात तो भाग) सगळंच मोठं येतं.

म्हणून टेप आधी एकदम वर, काखेला लागून फिरवा. हे वरच्या छातीचं माप. समजा ते 34 आलं आणि भरलेल्या छातीचं 37, तर 34 वाल्या साइजचे खांदे-मुंढे घ्यायचे आणि जास्तीची जागा फक्त पुढच्या भागाला द्यायची. रुंदीसाठी पुढच्या भागाच्या दोन्ही कडांना थोडे टाके वाढवायचे आणि मुंढा सुरू व्हायच्या आत कमी करून टाकायचे. उंचीसाठी अर्धवट ओळी विणायच्या, म्हणजे ओळ टोकापर्यंत न नेता काही टाके आधीच वळायचं, असं केलं की मधल्या भागाला जास्त ओळी मिळतात आणि स्वेटर पुढून वर उचलला जात नाही. वळताना टाक्याला धागा गुंडाळा नाहीतर भोक दिसतं. किती ओळी हेही मापूनच ठरवायचं, खांद्यापासून कंबरेपर्यंत एकदा पुढून छातीवरून मोजा, एकदा मागून. फरक 2 इंच असेल आणि तुमच्या विणीत इंचाला साडेसात ओळी बसत असतील तर 15 होतात, पण जाऊन-येऊन जोडी लागते म्हणून 14 किंवा 16 घ्या.

आता लूझिंग, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा स्वेटर किती मोठा. रोजच्या वापराच्या स्वेटरला साधारण 2 ते 4 इंच धरतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पातळ कुर्त्यावर घालायचा असेल तर मी 2 च्या वर जात नाही, थंड देशात राहणारी आतून शर्ट आणि थर्मल घालणार, तिला 4 तरी हवेत. आकड्यावर विश्वास बसत नसेल तर सोपी युक्ती आहे, कपाटातला तुमचा सगळ्यात आवडता, नीट बसणारा स्वेटर काढा, जमिनीवर सपाट पसरा आणि तो मोजा, छातीची रुंदी दुप्पट, खांदा, मुंढ्याची खोली, बाही. पण स्वेटरच घ्या हं, शिवलेला कुर्ता नको, त्याचं कापड ताणत नाही.

मग स्वॉच, म्हणजे त्याच लोकरीने, त्याच सुयांवर आधी विणून बघायचा नमुन्याचा तुकडा. हा विणायचा सगळ्यांना कंटाळा असतो हे माहितीये, पण हिशोब बघा. 36 छाती, 2 इंच लूझिंग, म्हणजे 38 इंच घेर. पॅटर्न म्हणतो 4 इंचात 22 टाके, म्हणजे इंचाला साडेपाच, एकूण 209 टाके. तुमचा हात सैल असला आणि 4 इंचात 20 च बसले तर तेच 209 टाके जवळजवळ 42 इंच होतात, आणि हात घट्ट असून 24 बसले तर 35 च्याही आत. 4 इंचात फक्त दोन टाक्यांचा फरक!

म्हणून स्वॉच निदान 6 इंच रुंद विणा, कडेचे टाके सोडून मधले 4 इंच मोजा, अर्धा टाका दिसला तर अर्धाही धरा. आणि मोजायच्या आधी धुवा, जसा स्वेटर धुणार आहात तसाच. कोमट पाण्यात भिजवायचा, टॉवेलमध्ये दाबायचा, पिळायचा नाही, सपाट वाळवायचा. मशीनमध्ये धुता येणारी सुपरवॉश लोकर धुतल्यावर बरीच सैलावते. अॅक्रिलिक धुऊन फारसं बदलत नाही पण स्वेटरच्या वजनाने लोंबतं, त्यासाठी वाळलेला स्वॉच खाली दोन चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी परत मोजा. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री मात्र अजिबात नको, कापड कायमचं ढिलं पडतं.

सुयांच्या नंबरात पण गोंधळ होतो. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, अमेरिकन पॅटर्नमध्ये उलटं. आपली 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर आणि त्यांची 10 नंबर म्हणजे 6 मिलिमीटर, जवळजवळ दुप्पट जाड. त्यामुळे नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

आडवे टाके जुळले की सगळ्या खूश होतात आणि उभ्या ओळी मोजतच नाहीत, मुंढा तिथेच फसतो. साडेसात इंचाच्या मुंढ्यासाठी पॅटर्नमध्ये 56 ओळी दिल्यात आणि तुमच्या इंचाला सातच ओळी बसतायत तर मुंढा 8 इंच खोल होणार, हात वर केला की अख्खा स्वेटर वर येणार. उलट ओळी जास्त बसत असतील तर मुंढा काचतो. पॅटर्नमध्ये ओळी सांगितल्या असल्या तरी इंच काढा आणि आपल्या विणीप्रमाणे ओळी नव्याने ठरवा. काही बायका मुंढा काचू नये म्हणून मुद्दाम खोल ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही, खोल मुंढ्यात हात जास्त अडकतो.

पहिलाच असेल तर वरून खाली विणायचा रॅगलन, म्हणजे बाहीची जोडणी गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते तो स्वेटर, घ्या असं मी सांगेन, गोल सुईवर (मधे लवचिक वायरने जोडलेल्या दोन सुया), कारण तो अर्धवट असतानाच अंगावर घालून बघता येतो. टाके एका लांब जाड दोऱ्यावर उतरवायचे आणि आरशासमोर उभं राहायचं, हात पुढे करायचे, वर करायचे. बाही दंडात अंगाच्या मापापेक्षा दीड-दोन इंच मोठी ठेवा. रॅगलनला खांद्याची शिवण नसते, म्हणून बाहीची लांबी मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत मोजा, कोपर किंचित वाकवून. आणि बाहीची बॉर्डर शेवटी ठेवा, आधी स्वेटर टाके दोऱ्यावर असतानाच धुऊन वाळवा, तेव्हा खरी लांबी कळते, मग हवी तेवढी बॉर्डर विणून टाके बंद करा.