बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षा: गाइड कसे निवडावे आणि अभ्यास कसा आखावा

प्रवेशपरीक्षेचे पहिले पुस्तक विकत घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी एकत्र बसून कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: कोणता अभ्यासक्रम हवा आहे, तो कोणत्या महाविद्यालयात आहे आणि तेथे कोणत्या परीक्षेचे गुण धरले जातात. हे काम अर्ध्या तासाचे आहे, तरीही बहुतेक घरांत ते शेवटी होते आणि पुस्तके आधी येतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा, तेथील दंत महाविद्यालयाचा किंवा शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयाचा विचार असेल तर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. अभियांत्रिकीत कुंकळ्ळीच्या एनआयटीसाठी जेईई मेन, फर्मागुडीच्या आयआयटीसाठी त्यापुढची जेईई अॅडव्हान्स्ड आणि झुआरीनगरच्या बिट्ससाठी बिटसॅट असते. गोव्याबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठात पदवीला जायचे असेल तर २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे.

गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशाबाबत मात्र शेजारच्या मुलाने दोन-चार वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये. जीसीईटी या गोव्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेसाठी छापलेले जुने प्रश्नसंच ओळखीच्या घरांत अजूनही सापडतात आणि ते चांगल्या मनाने पुढच्या मुलांना दिले जातात. असा संच हाती आला तर अभ्यासाला लागण्यापूर्वी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडावी आणि आपल्या अभ्यासक्रमासमोर कोणत्या परीक्षेचे नाव छापले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.

परीक्षा ठरली की तिचा साचा समजून घ्यावा, कारण गाइडची निवड त्यावरच अवलंबून असते. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे असतात. जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो. बिटसॅटमध्ये तीन तासांत १३० प्रश्न असून त्यांत इंग्रजी आणि तर्कक्षमतेचेही प्रश्न येतात. एका मिनिटात सुटणारा प्रश्न आणि अडीच मिनिटे मागणारा प्रश्न यांची तयारी एकाच पुस्तकातून होत नाही. ‘सर्व प्रवेशपरीक्षांसाठी उपयुक्त’ असे मुखपृष्ठावर छापलेले जाडजूड गाइड दुकानात आकर्षक दिसत असले तरी ते शक्यतो टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासाठी पायाभूत पुस्तके एनसीईआरटीचीच असावीत, आणि नीटच्या जीवशास्त्रासाठी तर दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने त्यांची जागा घेऊ नये. आकृतीखालची ओळ, तक्त्यातला एखादा अपवाद, प्रकरणाच्या शेवटचा सारांश यांतून थेट प्रश्न येतात आणि गाइडच्या संक्षिप्त टिपणांत नेमक्या याच गोष्टी गाळलेल्या असतात. रसायनशास्त्रात इनऑर्गॅनिकलाही हेच लागू आहे. भौतिकशास्त्र आणि गणितात मात्र पाठ्यपुस्तकातली उदाहरणे पुरत नाहीत, तेथे गाइडची खरी गरज भासते. म्हणून पैसे मर्यादित असतील तर ते भौतिकशास्त्राच्या एका चांगल्या गाइडवर आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या एका संचावर खर्च करावेत आणि बाकीचे काम पाठ्यपुस्तकांवर भागवावे. एका विषयाला एक गाइड पुरेसे होते. दुसरे घ्यायचेच असेल तर पहिल्यातील प्रश्न निदान एकदा सोडवून झाल्यावर घ्यावे.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर काय पाहावे, हे थोडे सविस्तर सांगतो. प्रथम अनुक्रमणिका उघडावी. २०२४ पासून नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम कमी करण्यात आला आणि रसायनशास्त्रातून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री आणि पॉलिमर्स, तर जेईई मेनच्या भौतिकशास्त्रातून कम्युनिकेशन सिस्टिम्स हा भाग गेला. ही प्रकरणे अनुक्रमणिकेत कोणत्याही सूचनेविना उभी असतील, तर मुखपृष्ठावर चालू वर्ष छापलेले असले तरी आतला मजकूर जुनाच आहे असे समजावे. उलट बाजूनेही तपासावे: नव्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचा स्वतंत्र घटक आहे, ज्यात व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज यांसारख्या प्रयोगांवर प्रश्न येतात. तो घटक नव्या पुस्तकात नसेल तर ते खाली ठेवावे.

त्यानंतर आपल्याला पूर्ण येत असलेले एखादे प्रकरण उघडावे. अनेकजण नेमके उलटे करतात आणि अवघड वाटणारे प्रकरण चाळतात, पण जे आपल्याला येत नाही त्याचे स्पष्टीकरण बरोबर आहे की चूक हे कळणार कसे? समजा, प्रश्न असा आहे की २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू किती वेळाने हातात परत येईल, आणि गुरुत्वत्वरण १० धरायचे आहे. उत्तर ४ सेकंद. साधे गाइड सूत्र लिहून, आकडे घालून ४ सेकंद छापते आणि पुढे जाते. चांगले गाइड आणखी दोन ओळी लिहिते: पर्यायांतले २ सेकंद हे उत्तर चेंडू सर्वांत उंच बिंदूला पोचण्याचे आहे, आणि घाईत वाचणारा विद्यार्थी तेथेच फसतो. चुकीचा पर्याय का चुकीचा आहे हे जे पुस्तक सांगते, ते प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे मन ओळखून लिहिलेले असते. असे पाच-सहा प्रश्न तपासावेत. त्यांत एखादे उत्तर सरळ चुकलेले आढळले तर किंमत कितीही कमी असली तरी ते पुस्तक घेऊ नये, कारण चुकीची उत्तरसूची विद्यार्थ्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळीत करते. बरोबर आलेले उत्तर तो पुन्हापुन्हा खोडतो आणि संध्याकाळ वाया जाते.

दुकानात उभे राहून एवढे पाहणे शक्य नसेल तर पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा जवळच्या तालुका ग्रंथालयात जाऊन पाहावे. तेथे मिळणारी आवृत्ती जुनी असली तरी लेखकाची समजावून सांगण्याची पद्धत कळते, आणि नवी प्रत घेण्याचा निर्णय त्यावरून करता येतो. वापरलेली पुस्तके घेण्यासही हरकत नाही. भौतिकशास्त्र आणि गणिताची पुस्तके चार वर्षे जुनी असली तरी चालतात, फक्त गाळलेले भाग पेन्सिलीने खोडून घ्यावेत.

आपल्याकडच्या कित्येक मुलांचे पहिले चार इयत्तांचे शिक्षण मराठी शाळेत होते आणि पाचवीपासून ती इंग्रजी माध्यमात जातात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. गोव्यातील केंद्र निवडणाऱ्याने इंग्रजीतून वाचण्याची तयारी ठेवावी. संकल्पना मराठीतून समजून घेण्यात काहीही कमीपणा नाही, उलट ती स्वतःला मराठीत सांगता आली तर ती खरोखर समजली असे मानता येते. सराव मात्र इंग्रजी प्रश्नांचाच करावा, आणि विशेषतः ‘पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’ या प्रकारच्या प्रश्नांत नकारदर्शक शब्दाखाली रेघ मारण्याची सवय लावून घ्यावी. ‘विधान आणि कारण’ या प्रकारात दोन्ही वाक्ये खरी असूनही एक दुसऱ्याचे कारण नसते. तेथे दोन्ही वाक्यांमध्ये मनातल्या मनात ‘कारण’ हा शब्द घालून वाक्य जुळते का ते पाहावे.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना एक काळजी घ्यावी. २०२१ ते २०२४ या वर्षांत नीटमध्ये २०० प्रश्न देऊन त्यांतले १८० सोडवायचे असत आणि २०२२ ते २०२४ मध्ये वेळही २०० मिनिटे होता. २०२५ पासून ही निवड आणि जादा वेळ दोन्ही गेले. जेईई मेनमध्येही त्या काळात ९० प्रश्नांतून ७५ सोडवायचे होते. त्यामुळे त्या वर्षांच्या पत्रिका घड्याळ लावून सोडवताना पर्यायी प्रश्न आधीच वगळावेत आणि १८० मिनिटेच धरावीत.

प्रत्येक पत्रिकेनंतर चुकांची वही भरावी. माझ्या दृष्टीने संपूर्ण तयारीत हिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. गुण किती मिळाले याची नोंद एका ओळीत करावी आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहावे: संकल्पना माहीत नव्हती, सूत्र आठवले नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा वेळ उरला नाही. महिन्याभराने ही वही चाळली की दिसते की ज्याला आपण ‘फिजिक्स कच्चे आहे’ म्हणत होतो, त्यातल्या बऱ्याच चुका दशांशचिन्हाच्या आणि एककांच्या आहेत. अशा विद्यार्थ्याला नवे गाइड नको असते, रोज अर्धा तास कॅल्क्युलेटरशिवाय आकडेमोड हवी असते. उलट संकल्पनेच्या चुका एकाच प्रकरणात साचलेल्या दिसल्या तर आठवडाभर तेच प्रकरण पाठ्यपुस्तकापासून पुन्हा करावे.

नीट आणि जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नांत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्याला १ कापला जातो. चारही पर्याय अनोळखी असताना अंदाजाने खूण केली तर सरासरीने पाव गुण हाती लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर मात्र तीच सरासरी दीड गुणावर जाते. म्हणून पर्याय बाद करण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा.

वेळापत्रक आखताना आपले वर्ष कसे चालते ते विसरू नये. बारावीच्या चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत अकरावीच्या भागाची एक उजळणी पूर्ण करावी. चतुर्थीचे पहिले दिवस घरच्या गणपतीसाठी मोकळे ठेवावेत, कारण त्या दिवशी आखलेला अभ्यास होत नाही आणि उगाच मन खाते. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत असल्याने नाताळच्या सुट्टीत पूर्ण पत्रिका सोडवाव्यात. त्यानंतर बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत लेखी उत्तरांना प्राधान्य द्यावे आणि एप्रिलच्या सत्राकडे नंतर वळावे. वाळपई, सांगे किंवा काणकोणहून पणजी-मडगावला क्लासला जाणाऱ्या मुलांचे दिवसाचे दोन-तीन तास बसमध्ये जातात. पालकांनी तो वेळ आणि थकवा फीइतकाच खर्च समजावा. घराजवळचा साधा क्लास किंवा उच्च माध्यमिकच्या शिक्षकांकडे नियमित शंका विचारणे पुष्कळदा त्यापेक्षा हिताचे ठरते.

नीट मे महिन्यात रविवारी दुपारी २ ते ५ या वेळेत होते. जेवणानंतरच्या याच वेळी आपल्याकडे सारे घर पडलेले असते आणि उकाड्याने डोळे मिटतात. म्हणून एप्रिलपासूनच्या सराव पत्रिका याच वेळेत, शक्य तर पंख्याखाली पण पाठ टेकता येणार नाही अशा खुर्चीवर बसून आणि ओएमआर उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीवर बॉलपेनने गोल भरत सोडवाव्यात. दुपारचे जेवण हलके ठेवण्याची सवयही त्याच दिवसांत लावावी. केंद्राचे फाटक दीड वाजता बंद होते आणि तपासणीला वेळ लागतो. रविवारी बसच्या फेऱ्या कमी असल्याने दूरच्या विद्यार्थ्याने बसची वेळ आदल्या आठवड्यातच विचारून ठेवावी, आणि जमल्यास केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे शनिवारीच मुक्कामाला जावे.