भंगारात जुना संगणक शोधायला निघण्याआधी

सकाळी बेळगावच्या उद्यमबागेकडं, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीकडं जायचं असेल तर पिशवी आज रात्रीच भरून ठेवा. स्टार स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातमोजे, जुना मऊ ब्रश, एक चादर आणि टॉर्च एवढं हवंच. भंगारवाल्याच्या शेडमधली ट्यूबलाइट दारात असते आणि माल आत, म्हणून टॉर्च विसरू नका. आयडीई, म्हणजे रुंद चपट्या वायरीची जुनी हार्डडिस्क यूएसबीला जोडायचा अडॅप्टर घ्या, तोही वेगळ्या पॉवरचा, कारण साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. खिशात पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा ठेवा. लोहचुंबक नेऊ नका, त्यानं फ्लॉपीतला मजकूर पुसला जातो. लोखंड की ॲल्युमिनियम हे बघायला तो भंगारवाल्याकडं असतोच, आणि फ्लॉप्यांचा ढीग नेमका त्याच टेबलावर पडलेला असतो. गेल्या गेल्या त्या फ्लॉप्या आधी लांब सरकवा, मग बोलायला लागा.

पावसाळ्यात जाऊ नका. बेळगावात तशी ओल, खानापूरकडं तर विचारूच नका. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून तबकडी उजेडात धरा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हचं हेडही घाण होतं. दिवाळीची साफसफाई आणि मार्चअखेर हे दोन हंगाम बरे. खंडेनवमीच्या आधी कारखान्यातलं यंत्र सहसा कुणी काढत नाही, पुजूनच काढतात. कॅबिनेटवर कुंकवाचे किती थर आहेत ते मोजून मी वय सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नका.

कुठं जायचं? खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत वेळ घालवू नका, तिथं नवा माल. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये यंत्रात सीरियल पोर्टच्या वायरीनं प्रोग्राम भरायला ठेवलेला डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा संगणक इतर ऑफिसांपेक्षा बराच उशिरा मोडीत निघतो. पण माझं मन लागतं ते बंद पडलेल्या डीटीपीवाल्यांच्या (संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्यांच्या) आणि लग्नपत्रिकावाल्यांच्या मालात. त्यासाठी मी निपाणीपर्यंत एसटीनं जातो.

मराठी कन्नडशेजारी कशी छापली जायची याचा पुरावा त्या मालात असतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड शोधा, संगणकावर भारतीय लिप्या आणणारं. ते मदरबोर्डवरच्या जुन्या आयएसए खाचेत बसणारं लांबट कार्ड आहे, त्याच्यावरचं लेबल वाचा. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना संगणकात क्रमांक देण्याचं प्रमाण ठरलं. त्यात ‘क’ला एकच क्रमांक आहे, मग लिपी देवनागरी असो की कन्नड. कळफलकाचंही तेच. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळरचनेत इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ बसतो, दोन्ही भाषांत. म्हणजे मराठीत टाइप केलेलं नाव लिपी बदलली की कन्नडात दिसायचं. सीमाभागात पाट्यांवरून जे काय होतं ते होऊ द्या, त्या कार्डानं हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता.

दुसरी वस्तू म्हणजे अंगठ्याएवढा पंचवीस पिनांचा ठोकळा, डोंगल. सीपीयूच्या मागं प्रिंटरची वायर आणि पोर्ट यांच्यामध्ये तो लावलेला असतो, आणि वायर ओढताना तिच्यासोबतच फेकला जातो. तो नसेल तर त्याच्याशी बांधलेलं फाँटचं सॉफ्टवेअर उघडत नाही. हार्डडिस्क चालू असली तर मजकुराबरोबर फाँटच्या फायलीही उचला. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतला मजकूर फाँटाशिवाय नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. त्या डिस्कवर लोकांच्या आमंत्रणाच्या याद्या, पत्ते, वकिलाच्या नोटिसाही असतात. त्या वाचत बसू नका आणि पुढं कुणाला देऊ नका, पुसून टाका.

कीबोर्डासाठी मात्र घासाघीस करायची तयारी ठेवा. टीव्हीएस गोल्ड टकटक वाजतो, तो ओळखायला सोपा. जाड गोल पाच पिनांचा प्लग बघून मागं सरू नका, छोट्या जोडणीनं तो पुढच्या काळातल्या छोट्या गोल पीएस-टू खाचेला लागतो. मदरबोर्ड हाती आला की आधी मेमरीची पट्टी आणि प्रोसेसर जागेवर आहेत का बघा. ३८६ किंवा ४८६ चे सिरॅमिक प्रोसेसर सोन्यासाठी वेगळे काढून विकले जातात. मग बॅटरी बघा. निकेल-कॅडमियमची डबी पाझरली असेल तर आजूबाजूच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट-निळी पूड दिसते. थोडी असेल तर व्हिनेगरनं साफ होते. रेषाच खाल्ल्या असतील तर बोर्ड सोडून द्या.

दुकानात काहीही चालू करून बघू नका. हे मी शिकलो ते एका शेडमध्ये. संगणकाच्या मागचा व्होल्टेजचा लाल खटका एकशे पंधरावर होता, आपल्याकडं वीज दोनशे तीस व्होल्टची. फट्ट झालं, धूर आला, आणि पैसे द्यावे लागले ते वेगळेच. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरचं झाकण तर उघडूच नका, बंद करून ठेवला तरी आत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

भाव किलोवर ठरतो, तेव्हा ‘ही दुर्मिळ वस्तू आहे’ असं तोंडातून काढू नका. मालक कन्नड बोलणारे असतील तर “एष्ट री?” (किती हो?) आणि पुढं “स्वल्प कम्मी माड्री” (थोडं कमी करा) एवढं पुरतं. मराठी असतील तर चहा येतोच. दोन्हीकडं एक गोष्ट सांगून या: “असलं कार्ड आलं तर फोडू नका ओ मामा, फोन करा.” नंबर कॅलेंडरवर लिहून द्या, कागदाचा चिठोरा हरवतो.

येताना मॉनिटर घेतलाच असेल तर एसटीत काच आपल्या पोटाकडं धरून बसा, जड बाजू तीच. घरी आल्यावर आधी बॅटरी कापून काढा, मग हात धुवा, मग जेवा.