फंक्शन कधी फोडायचं?
फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एखादं काम करणारा कोडचा तुकडा, ओळी मोजून फोडू नका, आधी त्याला नेमकं नाव देऊन बघा. मुंबईच्या रिक्षाभाड्याचा कोड लिहिताना माझ्या एकाच फंक्शनमध्ये भाडं काढणं आणि पावती छापणं दोन्ही होतं. नावातला ‘आणि’ काही केल्या जाईना, तेव्हा पावती वेगळी काढली. रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट भाडं लागतं. हा नियम जेमतेम तीन ओळींचा, तरी स्वतंत्र ठेवला. कारण ११:५९ आणि १२:०० या वेळा देऊन तो एकटा तपासता येतो, चुका नेमक्या तिथेच होतात. फोडलेल्या तुकड्याला सात-आठ व्हेरिएबल्स (माहिती साठवणारी नावं) द्यावी लागली, तर काप चुकीच्या जागी पडलाय, परत जोडा. वरून खाली सरळ वाचता येणारं पन्नास ओळींचं फंक्शन मात्र मी तसंच ठेवते.