साइटला हात लावण्यापूर्वी नळी तपासा

जिल्हा स्पर्धेला आठ-दहा दिवस उरले असताना ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, अचानक फुटू लागला, की बहुतेक नवोदित नेमबाज आधी साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाचे, क्लिक फिरवतात; क्लबमधल्या, नळी बिजागरीवर खाली वाकवून कॉक होणाऱ्या (फैरीसाठी सज्ज होणाऱ्या) एअर रायफलच्या बाबतीत मात्र पहिला संशय नळीच्या बसणीवर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी रायफल टेकूवर ठेवून, एकाच डब्यातील छर्ऱ्यांनी, पाच-पाच फैरींचे तीन ग्रुप वेगवेगळ्या कागदांवर घ्यावेत आणि ते जपून ठेवावेत, कारण दुरुस्तीनंतर तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

नळीत छर्रा नाही याची खात्री झाल्यावर आधी दस्त्याचे सर्व स्क्रू आणि साइटचे स्क्रू घट्ट आहेत ना ते पाहावे. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. मग कॉक न केलेल्या रायफलचा दस्ता एका हाताने घट्ट धरून, नळीचे टोक दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलकेच रेटावे. सांध्यापाशी बारीकसा ‘टक्’ जाणवला तर नळी ढिली आहे. हा ढिलेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची किंमत मोठी असते: बिजागरीपासून टोकापर्यंत ४०० मिलिमीटर लांब असलेली नळी टोकाशी फक्त ०.१ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर नळीचा रोख २.५ मिलिमीटरने, म्हणजे लक्ष्यावरच्या एका वर्तुळाने, बदलतो. दोन्ही साइट नळीवरच असतील तर त्याही तिच्याबरोबर सरकतात आणि दोष बराचसा झाकला जातो. मागची साइट बॉडीवर असेल तर तो काही अंशी दिसतो, आणि बॉडीवर दुर्बीण बसवली असेल तर पुरता कागदावर उतरतो.

बिजागरीचा बोल्ट आवळताना नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरावा आणि दर वेळी पाव फेऱ्याहून जास्त आवळू नये. कॉक केलेल्या, रिकाम्या रायफलची नळी हातात धरून अर्ध्यावर आणल्यावर ती तिथेच थांबली, स्वतःच्या वजनाने खाली आली नाही, म्हणजे ताण योग्य झाला. या वेळी बोट ट्रिगरपासून दूर हवे आणि नळीवरची पकड क्षणभरही सुटता कामा नये, कारण उघडी नळी झटक्याने मिटली तर बोटे चिरडतात. पुढे बोल्टच्या डोक्यावरून बॉडीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे बोल्ट पुन्हा फिरला तर ती तुटलेली दिसते.

नळी मिटून, रबरी सील असलेल्या सांध्यावर बाहेरून टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्ऱ्यासह एक फैर लक्ष्यावर झाडावी. पट्टी उडाली तर हवा गळते आहे आणि सील बदलायला हवे. वीसेक फैरी झाल्यावर नव्या कागदांवर पुन्हा तीन ग्रुप घेऊन ते जुन्या कागदांशेजारी ठेवावेत. बोल्ट घट्ट असूनही ‘टक्’ उरला असेल तर बिजागरीचा वॉशर किंवा मिटलेली नळी अडकवून ठेवणारा कुलपाचा खटका झिजलेला असतो. अशी रायफल घरी न खोलता आर्मररकडेच, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावी, आणि स्पर्धेला किमान चार दिवस बाकी असतानाच द्यावी.